करंजवाडीचा वळसा

लांबून पाहणाऱ्याला डोंगर एकच दिसतो. ज्याला तो चढायचा असतो त्याच्यासाठी तो एक राहत नाही. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या मध्ये आडव्या पडलेल्या पाचमाळ्या डोंगराची गोष्ट तर उघडच आहे, कारण त्याच्या नावातच त्याची फोड आहे. पायथ्याला भाताची खाचरे, हा पहिला माळ. त्यावर साग आणि ऐन यांचे रान, माघ सरता सरता पाने गाळून उघडे पडणारे, हा दुसरा. तिसरा माळ म्हणजे नुसता काळ्या कातळाचा सडा. श्रावणात त्यावर निळ्यापिवळ्या फुलांचा गालिचा असतो, पण शिमगा झाला की तिथे मुंगीसुद्धा थांबत नाही. वाळवंट पाहायला फार दूर जावे लागते, असे समजणाऱ्याने मार्चातल्या एका दुपारी तिथे तासभर काढावा. चौथ्या माळावर देवाची राई आहे: झरा, मांडीएवढे जाड वेल आणि भर उन्हातही ओलसर राहणारा अंधार. आणि पाचवा माळ, माथा. तिथे कारवी, वाळलेले गवत आणि वारा. माथ्यावरून एका अंगाला भातसाच्या धरणाचे पाणी चकाकताना दिसते.

या डोंगरावरून माणसे पळवायची, ही कल्पना समीक्षाची. समीक्षा आटगावची. घरी तीन पिढ्यांची भातशेती, नोकरी ठाण्याला, आणि सुटीच्या दिवशी जाड तळव्याचे बूट घालून डोंगरवाटांनी पळण्याचा नाद. मार्चमधल्या एका रविवारी नव्वद माणसांनी डोंगराच्या शहापूरकडच्या पायथ्याला असलेल्या बेहेडवाडीतून निघावे, पाचही माळ पायाखाली घालावेत आणि पुन्हा बेहेडवाडीतच यावे, असा तिचा बेत होता. वाट आखून देणारा जाणता माणूस तिने विचारला तेव्हा वाडीने एकच नाव सांगितले: वाळू.

वाळूचे वय त्रेसष्ट. मध, मोह, करवंदे, हिरडा, जे जे डोंगराने दिले ते ते त्याने खांद्यावरून खाली आणले होते. समीक्षाचे म्हणणे त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि मग एकच शंका विचारली.

"पळायचं? कोण पाठी लागलाय?"

"कुणी नाही, काका. आपलं आपणच."

"मग चालत जावा की."

तरीही तो तिच्याबरोबर निघाला. पौषातल्या चार रविवारी दोघांनी डोंगर पालथा घातला. तो पुढे, अनवाणी. ती मागे, मनगटावरच्या घड्याळात अंतर पाहत. कुठे दगड सुटा आहे, कुठल्या घळीत आग्यामोहोळ आहे, राईत शिरताना पायातले काढून हळू का चालायचे, हे सगळे तो सांगत गेला. राईपुरते सर्वांनी बूट हातात घेऊन चालावे, असे तिनेही मग नियमांत लिहून टाकले. त्या चार रविवारी तिच्या ध्यानात एक गोष्ट आली नाही: उतारावर वाळू दरवेळी झाडाला हात लावून उतरत होता. गुडघ्यांतली कूर्चा झिजली आहे, आता डोंगर बंद, असे शहापूरच्या डॉक्टरने त्याला दिवाळीतच सांगितले होते. "एवढा यंदाचा मोह उतरू द्या," असे तो डॉक्टरला म्हणाला होता. आणि डॉक्टरने मान हलवली होती ती होकाराची की निरुपायाची, हे त्याने विचारले नव्हते.

वाट ठरली. एका जागी मात्र खटका उडाला.

तिसऱ्या माळावर, सड्याच्या अगदी कडेला, मोहाचे एकटे झाड आहे. माथ्यावरून परतताना तिथे वाट फुटते. डावीकडची तासाभरात सरळ बेहेडवाडीत उतरते. उजवीकडची मुरबाडच्या अंगाला करंजवाडीत जाते, आणि तिथून पायथ्याच्या खिंडीतून सपाटीने वळून बेहेडवाडीला येते. वाळूने उजवीकडची धरली होती.

"काका, हा वळसा कशासाठी?" समीक्षाने विचारले. दोघे वाळूच्या अंगणात बसले होते. "दोन किलोमीटर चारशे मीटर वाढतात."

"पाणी हाय तिकडं. झरा."

"पाणी राईत आहे. तुम्हीच दाखवलंत."

"सावली हाय."

"मागच्या रविवारी तिथूनच गेलो की आपण. एक झाड नव्हतं धड."

"डावीकडचा उतार वाईट. पाय मुरगाळल कुणाचा."

"त्या उतारावरून तुमच्या वाडीतल्या बायका डोक्यावर मोळ्या घेऊन येतात!"

"त्यांचे पाय येगळे."

ज्याला काही लपवायचे आहे त्याने एकच कारण द्यावे आणि त्याला चिकटून राहावे. तीन कारणे देणारा माणूस चौथे झाकून बसला आहे, हे लहान मूलसुद्धा ओळखते. समीक्षाने ओळखले, पण ती गप्प राहिली. गप्प राहवले नाही ते वाळूच्या बायकोला. ठकी चुलीपाशी होती. ती कोऱ्या चहाचे पेले घेऊन बाहेर आली आणि उभ्या उभ्याच बोलली.

"ती पोर इचारते तर सांगा की नीट! करंजवाडीत ह्येंची बहीण हाय, ताय. भिमी. नऊ वर्सं झाली, बोलणं नाय, येणंजाणं नाय. सवताचे पाय तिच्या दारी जात नाय, म्हणून नव्वद लोकांचे पाय धाडतात."

"तू गप बस गो," वाळू म्हणाला. पण त्या 'गप'मध्ये जोर नव्हता.

मोहाच्या झाडांची या रानातली रीत बाहेरच्याला ठाऊक नसते. फुले गळू लागायच्या आधी ज्या घराचे जे झाड असेल त्याच्या खोडाला ते घर आपली खूण बांधते: केवणीच्या झुडपाच्या सालीची दोरी, आणि तिला त्या त्या घराची गाठ. एकाची गाठ दुसऱ्यासारखी नसते. खूण दिसली की त्या झाडाखालचे फूल दुसरा कोणी उचलीत नाही, आणि एकाने बांधलेली खूण दुसरा कोणी सोडीत नाही. या नियमाला पहारा लागत नाही.

सड्यावरचे ते झाड भिमीचे. लग्नात आईने तिला दिले होते. बोळवणीच्या दिवशी तिला इथवर आणून, तिचा हात खोडाला लावून दिले होते. भिमीच्या सासरचे लोक दर वर्षी येऊन त्याला आपली गाठ बांधीत, आणि मोहाच्या दिवसांत भिमी रोज पहाटे करंजवाडीतून चढून येई. बेहेडवाडीतून वाळू आणि ठकी येत. सड्यावर न्याहारी होई, आणि ऊन तापले की बहीण एका बाजूने उतरे, भाऊ दुसऱ्या.

नऊ वर्षांपूर्वी ऐन मोहात भिमीचा नवरा कमळू झाडावरून पडला. त्याला मुरबाडला दवाखान्यात ठेवले होते, भिमी तिकडेच. तिच्या घरून त्या वर्षी खूण बांधायला कोणी आले नाही. फुले गळू लागली. बिनखुणेचे झाड म्हणजे कोणाचेही झाड. परक्या पाड्यांची माणसे सड्यावर हिंडताना वाळूने पाहिली आणि झाड राखायचे म्हणून घाईघाईने दोरी बांधली. गाठ मात्र त्याच्या हाताला येत होती तीच बसली: बेहेडवाडीची, वाळूच्या घरची.

पंधरा दिवसांनी कमळूला घरी आणून भिमी परतली. दुरडी घेऊन सड्यावर आली. आईने दिलेल्या झाडाला भावाची गाठ तिने पाहिली आणि तशीच मागे वळली. वाळू तेव्हा खाली रानाच्या कडेला आपल्या मोहाखाली होता. त्याने हाक मारली. ती थांबली नाही.

त्याच संध्याकाळी जाऊन सांगितले असते तर गोष्ट तिथेच मिटली असती, हे म्हणणे सोपे आहे. वाळूने ते स्वतःला पुष्कळदा म्हटले होते. पण त्या संध्याकाळी त्याला राग आला होता. सख्ख्या भावाला चोर समजायला हिला पंधरा पावलेही लागली नाहीत, याचा राग. राग ओसरला तेव्हा लाज आली, आणि लाज रागापेक्षा जास्त दिवस टिकते. खूण सोडावी, तर ती चोरीची होती असे कबूल केल्यासारखे. ठेवावी, तर चोरी चालू ठेवल्यासारखे. त्याने ती सोडली नाही, आणि त्या झाडाचे एक फूलही उचलले नाही. भिमीनेही उचलले नाही. नऊ वर्षे त्या मोहाची फुले भेकरांनी आणि रानडुकरांनी खाल्ली. नऊ भाऊबिजांना वाळू धुतलेला सदरा घालून सड्यापर्यंत चढला, करंजवाडीची कौले पाहिली आणि परत आला.

समीक्षाने चहाचा पेला खाली ठेवला.

"वळसा राहू दे," ती म्हणाली. "पाणी द्यायचं ठिकाणही करंजवाडीतच ठेवू. तिथल्या बायका मदत करतील का?"

"करतील."

"तुमच्या बहिणीला काही सांगू?"

वाळूने अंगणातल्या कोंबड्यांना हुसकले. "नाय. तू सांगितलंस तर ती म्हणल, ह्याला तोंड नाय काय. लोक जाऊ देत तिच्या दारावरनं. बास."

"आणि लोक गेल्यानं काय होणार, काका?"

वाळूला एवढेच कळत होते की यंदाचा मोह सरला की त्याचे डोंगरावर येणे संपेल, आणि त्याआधी भिमीने एकदा त्या झाडाखाली यावे. ती कशी येईल, हे त्याला सुचत नव्हते. सुचत होते तेवढे त्याने केले होते: माणसांची एक वाट तिच्या दाराकडे वळवली होती.

धावेच्या आदल्या दिवशी दोघे नारिंगी फिती बांधायला निघाले. वाट चुकू नये म्हणून शंभर शंभर पावलांवर एक फीत. दुसऱ्या माळावरच्या सागांना, राईच्या अलीकडच्या करवंदीच्या जाळ्यांना, माथ्यावरच्या कारवीला फिती लावून झाल्या आणि उतरताना दोघे सड्यावर मोहापाशी आले. समीक्षाने पिशवीतून फीत काढली आणि खोडाकडे हात नेला. वाळूने तिचे मनगट धरले. एवढ्या दिवसांत त्याने तिला कधी बोटही लावले नव्हते. त्याने लगेच हात सोडला.

"ह्याला नको, ताय. ह्याला काय बांधायचं नाय."

"पण वाट इथेच फुटते. इथे खूण नसली तर सगळे डावीकडे जातील, नाहीतर सरळ कड्याकडे."

"ठावं हाय मला."

"दगडांची रास करू?"

"गुरं पाडतात. सकाळी इथनंच जातात." त्याने सड्यावर इकडेतिकडे पाहिले. मैलभर कातळात फीत बांधण्याजोगी दुसरी काडी नव्हती. "मी उभा ऱ्हातो हितं."

"शेवटचा माणूस यायला अकरा वाजतील. चार तास उभे राहणार?"

"झाड उभं ऱ्हातंय की," वाळू म्हणाला.

रविवारी झुंजुमुंजू व्हायच्या आधी ठकीने निरगुडीचा पाला तव्यावर गरम केला आणि त्याच्या दोन्ही गुडघ्यांवर फडक्याने घट्ट बांधला. भाकरी आणि सुक्या मासळीची चटणी पंच्यात बांधून दिली.

"बसाया मिळालं तर बसा," ती म्हणाली. "लोकांना वाट दावता दावता सवताला बी दिसती का बघा."

"तुजी जीभ गो!"

"जिभेनंच घर चाललंय. तुमच्या गप ऱ्हाण्यानं काय झालं ते बघितलंय."

वाळू काठी टेकत चढला. पूर्वी हा चढ तो भाकरी पचायच्या आत चढायचा. आज ऐनाच्या रानातच तीनदा थांबला. सड्यावर पोचला तेव्हा पूर्व तांबडी झाली होती आणि मोहाचा गोड, जड वास कातळभर पसरला होता. फुले गळत होती. मोहाचे फूल झाडावरून पडते तेव्हा आवाज होतो, असे कोणाला सांगितले तर पटणार नाही. पण सड्यावरच्या शांततेत तो ऐकू येतो. पिकलेल्या बोरासारखे एकेक मऊ, फिकट पिवळे फूल पाल्यावर पडत होते. खाली रानातल्या इतर मोहांखालची जमीन बायकांनी झाडून, पाला जाळून स्वच्छ केली होती. या झाडाखाली नऊ वर्षांचा पाला साचला होता.

त्याने दोरीकडे पाहिले. पाहू नये असे रोज ठरवून तो रोज पाहत असे. झाडाने दोरी आता जवळजवळ गिळली होती. दोन्ही बाजूंनी साल फुगून तिच्यावर आली होती. गाठीचे शेपूट तेवढे बाळाच्या बेंबीसारखे बाहेर राहिले होते.

तो झाडापासून सात-आठ पावलांवर, वाट फुटते तिथे, उभा राहिला.

पहिला धावणारा आला तेव्हा ऊन कोवळे होते. "उजवीकं! उजवीकं जा! खाली करंजवाडी, पाणी हाय!" वाळू ओरडला. मुलाने हात उंचावला आणि उड्या टाकीत तो उतरला. मग दोघे, मग चौघे, मग रांगच लागली. पाठीवर पाण्याच्या पिशव्या, तोंडे लाल, पोटऱ्यांवर करवंदीचे ओरखडे. एकाने विचारले, "आजोबा, हा वास कसला?" दुसऱ्याने वाळूचा फोटो काढला. जो जो गेला त्याच्या नावाचा एक खडा वाळूने कातळावर मांडला, कारण नव्वदावा गेल्याशिवाय जागा सोडायची नाही, असे त्याने समीक्षाला सांगितले होते.

सूर्य वर आला तशी मोहाची सावली फिरू लागली. ती पावलापर्यंत आली की वाळू एक पाऊल बाजूला सरके. पुन्हा आली की पुन्हा सरके. एक जाडजूड बाई धापा टाकीत थांबल्या. "अहो आजोबा, एवढं ऊन लागतंय, त्या झाडाखाली बसा ना!" "बसतू, बसतू," तो म्हणाला. त्या गेल्या, तो बसला नाही. कातळ तापला. टाचांना चटके बसू लागले, आणि निरगुडीचा पाला कधीच गार होऊन निसटला होता.

दहा वाजून गेल्यावर माणसे विरळ झाली. खडे मोजले तर शहाऐंशी भरले. आता वाळूला विचार करायला वेळ मिळाला, आणि तो मिळाला नसता तर बरे झाले असते. शहाऐंशी माणसे भिमीच्या दारावरून गेली. ती पाणी देत असेल. ओंजळीत ओतत असेल, मान खाली घालून. माणसे पाणी पितात आणि जातात. त्यांना काय ठाऊक, हे पाणी कोण देते आणि वर कोण उभे आहे? आपण वळसा घेतला तो केवढा, आणि पोचलो कुठे, तर पुन्हा याच सड्यावर. सदरा घालून आलो नाही, एवढाच फरक. समीक्षाला निरोप घेऊन जायला सांगितले असते तर? पण निरोप काय सांगायचा होता, हेच नऊ वर्षांत जुळले नव्हते.

सावली पुन्हा पायाशी आली. तो सरकायला गेला आणि उजवा गुडघा वाकेना. काठीवर भार टाकून तो जेमतेम तोल सावरत होता, तेवढ्यात उजवीकडच्या वाटेवरून कोणी तरी येताना दिसले.

सकाळपासून त्या वाटेने माणसे फक्त उतरली होती. हे माणूस चढत होते. कडेवर दुरडी, डोक्यावर पदर, आणि डावा पाय किंचित ओढून टाकायची चाल. लहानपणी त्या पायात बाभळीचा काटा मोडला होता. काढला वाळूनेच, पण अर्धा.

भिमी आली. झाडाकडे न पाहता आधी त्याच्याकडे आली, आणि चार पावलांवर थांबली. केस पांढरे झाले होते.

"सावलीत बसाया काय धाड भरली?" ती म्हणाली.

वाळूने काठी दुसऱ्या हातात घेतली.

"पाणी पीत पीत लोक सांगत होती. वर एक म्हातारा हाय म्हणं, उन्हात उभा. झाड हाय, पण झाडाखाली जात नाय. सावली आली का सरकतो. पयल्यानं सांगितलं तवा हसले. दुसरा बोलला, तिसरा बोलला. मग ती जाडी बाय आली, ती रडकुंडीला आलेली, 'त्या आजोबांना कुणीतरी बसवा हो.' तवा मला कळलं. एवढा येडा ह्या डोंगरात एकच हाय."

"झाड तुजं हाय," वाळू म्हणाला. "तुला न इचारता कसा बसू?"

"नऊ वर्सांमागं इचारलं होतंस?"

"नाय."

"मग?"

"राखाया बांधली गो मी." एवढे वाक्य नऊ वर्षे घशात होते; बाहेर आले तेव्हा फारच लहान वाटले. "कमळू दवाखान्यात. तुमचं कोण आलं नाय. परकी माणसं फिरत होती. नुसतं झाड दिसलं असतं तर झोडून नेलं असतं. एक फूल नाय उचललं मी. ठकीला इचार."

"वैनीला कशाला इचारू? मी बघत नव्हते काय? दर वर्सी वाटेच्या वळणापातूर येऊन बघायचे. पाला झाडलेला नाय, फूल उचललेलं नाय. म्हणायचे, घ्यायचं बी नाय आणि द्यायचं बी नाय, ह्याला म्हणायचं तरी काय!" तिचा आवाज चढला. "राखायचं होतं तर आमची गाठ बांधायची! तुजी कशाला बांधलीस?"

"तुमची गाठ मला येत नाय, भिमे."

भिमीने कडेवरची दुरडी खाली ठेवली.

गाठ घरातल्या माणसांनाच शिकवतात. मुलगी सासरची शिकते आणि माहेरची विसरते. भावाने बहिणीच्या घरची गाठ कुठून शिकावी? हे तिला ठाऊक नव्हते असे नाही. रागाने ते कधी विचारात येऊ दिले नव्हते, एवढेच. ती झाडाकडे गेली, खोडावरून हात फिरवला, आणि बेंबीसारखे ते शेपूट बोटांत धरून पाठमोरी उभी राहिली. तिने पदर डोळ्यांना लावला, तो वाळूने पाहिला नाही असे दाखवले.

"ये," ती न वळता म्हणाली. "बस हितं."

"अजून चार माणसं यायची हायत."

"सावलीतनं दिसतात. बस म्हणते ना, दादा!"

तो बसला. बसताना तिने त्याचा दंड धरला. गुडघ्यावरचे सुटलेले फडके तिने पाहिले, पाला पुन्हा नीट बसवला आणि गाठ मारली. "डोंगर बंद सांगितलाय डॉक्टरनं," तो म्हणाला. "हा शेवटचा मोह." तिने फडके जरा जास्त आवळले.

"दोरी कापतो," तो म्हणाला. "कोयती हाय."

"झाडाला कापशील त्यापायी? झाडानं खाल्ली ती आता. ऱ्हाऊ दे त्याच्या पोटात." तिने त्याच्या पिशवीतून लोंबणारे, कालच्या उरलेल्या फितीचे नारिंगी टोक ओढले. "हे काय? फीत? आण." फीत खोडाभोवती घेऊन तिने दोन वेढे दिले, टोक आतून काढले, उलटे फिरवले, आवळले. "ही आमची. बघितलीस?"

"नाय. लई भराभर."

"लहानपणापास्नं असाच मठ्ठ." तिने गाठ सोडली. "घे. कर."

वाळूने केली. चुकली. तिने त्याच्या हातावर चापट मारली आणि त्याची जाड, तडे गेलेली बोटे आपल्या बोटांनी वळवून दाखवली. दुसऱ्यांदाही चुकली. मधल्या वेळात दोन धावणारे आले, आणि दोघांनाही बसल्या जागेवरून भिमीनेच हात करून उजवीकडे लावले. वाळूने आणखी दोन खडे मांडले.

"पण मी वर येणार नाय आता," तो फितीशी झटत म्हणाला. "गाठ शिकून काय करू?"

"खिंडीतली वाट तर सपाट हाय ना? आमच्या दारात येती ती. ती बंद सांगितली काय डॉक्टरनं?"

वाळूने विचार केला. नव्वद माणसांसाठी तीच वाट त्याने आखून दिली होती, घड्याळाने मोजून घेतली होती, तिच्यावर शंभर शंभर पावलांवर फिती बांधल्या होत्या.

"नाय," तो म्हणाला. "ती नाय सांगितली."

"मग ये. वैनीला घेऊन ये. मोह वाळवायला घालीन अंगणात, तवा ये." भिमीने दुरडी पुढे ओढली आणि पाला हाताने सारून फुले वेचायला लागली. नऊ वर्षांच्या पाल्यावर त्या सकाळची फुले अजून ताजी होती.

वरून बुटांचा आवाज आला. शेवटची दोन माणसे सड्यावर उतरली. एक लंगडत होता, दुसऱ्याने त्याला धरले होते. "काका, कुठून?" त्याने विचारले.

वाळूच्या दोन्ही हातांत फीत गुंतली होती. त्याने हनुवटीनेच उजवीकडे दाखवले.

"खाली तिसरं घर माजं," भिमी फुले वेचता वेचता म्हणाली. "घागरीत पाणी हाय. आणि थांबून प्या रे, कोण पाठी लागलंय तुमच्या?"